सहावी-सातवीची मुलं कोर्टात न्यायची असतील तर

न्यायाधीशांच्या खुर्चीच्या पायथ्याशी एक टेबल असतं. त्या टेबलाशी बसून मी 26 वर्षं रोजनामा, म्हणजे कोर्टात रोज काय झालं त्याची नोंद, लिहिला, आणि तिथूनच कोर्ट बघायला आलेल्या शाळा पाहिल्या. मुलं शेवटच्या बाकांवर दाटीवाटीने बसायची, पंख्याकडे बघायची. बाई दर पाच मिनिटांनी ओठांवर बोट ठेवायच्या. तासाभराने सगळी ओळीने बाहेर. एकदा दाराशी एका मुलीने मला विचारलं, "आज कुणीच जिंकलं नाही का?" त्या दिवशी बोर्डावरच्या, म्हणजे दिवसाच्या यादीतल्या, एकूणएक प्रकरणाला पुढची तारीख पडली होती.

निवृत्त झाल्यावर 11 ते 14 वयाच्या मुलांसाठी हा उपक्रम सुरू केला, तेव्हा तो प्रश्न डोक्यात होता. माझ्या उपक्रमात खरं कामकाज बघणं असतं ते अर्धा तास. बाकीचा वेळ त्याच खोलीत मुलं स्वतः खटला चालवतात आणि निकाल देतात. न्यायालयांची उतरंड पुस्तकात वाचता येते. पण दोन्ही बाजूंचं ऐकून घेतल्यावर, पुरावा अपुरा असतानाही, ठरवावं लागणं काय असतं, ते त्या खुर्चीत बसल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात परवानगीपासून. निदान दोन महिने आधी लेखी अर्ज द्या आणि तीनच गोष्टी मागा: कामकाज संपल्यावर एक रिकामा कोर्टरूम, न्यायाधीशांची 20 मिनिटं, आणि त्या दिवशी कुठल्या कोर्टात मुलांना बसवावं याचा सल्ला. 'मुलांना मार्गदर्शन करावे' असं मोघम लिहिलंत तर तुम्हाला भाषण मिळेल. अर्जात मुलांची संख्या, वय, येण्याजाण्याची वेळ आणि सोबतचे मोठे लोक लिहा. संख्या 30 च्या वर नेऊ नका. मी पहिल्या वर्षी 60 आणली होती. त्यातल्या 40 जणांना काहीच काम नव्हतं आणि काम नसलेलं सातवीतलं पोर काय करतं हे शिक्षकांना सांगायला नको.

आता जे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं ते सांगते. तुम्ही नेताय त्या 30 जणांपैकी कुणाच्या तरी घरचं प्रकरण त्याच इमारतीत चालू असू शकतं. घटस्फोट, ताबा, जामीन, भाडेकरूचा वाद, काहीही. दुसऱ्या वर्षी जिन्यात एक मुलगा माझ्या शेजारी थबकला. समोरून त्याची आई वकिलाशी बोलत येत होती. घरी त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी तो माझ्याजवळ बसून राहिला, आणि मी त्याला काही विचारलं नाही, एवढंच मला बरोबर करता आलं. तेव्हापासून पालकांच्या संमतिपत्रात एक वाक्य असतं: 'काही कारणाने मूल त्या दिवशी येऊ नये असं वाटत असल्यास कळवावे, कारण विचारले जाणार नाही.' वर्गशिक्षकांशी वेगळं, एकट्याने बोलते. न येणाऱ्या मुलाला शाळेत काहीतरी मानाचं काम देते, म्हणजे बाकीचे खोदून विचारत नाहीत.

याच कारणाने आदल्या संध्याकाळी बोर्ड बघायचा. लहान मुलांवरचे गुन्हे, लैंगिक अत्याचार, मुलांचा ताबा, यातलं काहीही असलेल्या कोर्टात मुलांना बसवायचं नाही. अशी पुष्कळ प्रकरणं बंद दाराआड चालतात, पण दार उघडं असलं तरी आपण जायचं नाही. साधा दिवाणी वाद, अपघाताची भरपाई, धनादेश न वटल्याचं प्रकरण चालतं. साक्ष नोंदवायची असेल तर फार उत्तम, कारण नुसत्या तारखा पडताना बघण्यात मुलांना काही कळत नाही. साक्षीदार ऐनवेळी न येणं तर रोजचंच, म्हणून दुसरा कोर्टरूम हाताशी ठेवा.

शाळेत आधी दोन तासिका घ्या. पहिल्या तासिकेत शब्द. फिर्यादी, आरोपी, साक्षीदार, सरतपास (आपल्याच साक्षीदाराला प्रश्न), उलटतपास (समोरच्याच्या साक्षीदाराला प्रश्न), निशाणी (क्रमांक दिलेला पुरावा), युक्तिवाद. फळ्यावर व्याख्या लिहून देऊ नका, मुलांना उभं करून करून दाखवा. पुकारा, म्हणजे नाव घेऊन मोठ्याने बोलावणं, कसा होतो ते ऐकवलं की वर्ग जागा होतो.

दुसरी तासिका प्रश्न विचारण्याची. इथे मी 1974 सालचा एक प्रयोग सांगते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघातांच्या फिल्म दाखवल्या आणि वेगाचा अंदाज विचारला. प्रश्नातलं क्रियापद तेवढं बदललं. गाड्या 'जोरात आदळल्या तेव्हा' असं विचारलं, तर सरासरी उत्तर ताशी जवळपास 41 मैल आलं. 'टेकल्या तेव्हा' म्हटलं, तर जवळपास 32. पुढच्या प्रयोगात आठवड्यानंतर विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी 'आदळल्या' ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जण हो म्हणाले. 'धडकल्या' असा सौम्य शब्द ऐकलेल्या 50 पैकी 7. हे ऐकल्यावर सूचक प्रश्न का नको ते मुलांना समजावून सांगावं लागत नाही. मग नियम सांगायचा: आपल्याच साक्षीदाराला विचारताना उत्तर त्याच्या तोंडात घालायचं नाही, उलटतपासात मात्र 'तुम्ही खोलीत एकटेच होतात ना?' असं विचारता येतं. एका बाजूला मनाई आणि दुसऱ्या बाजूला मुभा का, यावर वर्गात वाद होऊ द्या. माझ्या अनुभवात या वादाला तासिका पुरत नाही.

खटला स्वतः लिहा. मुलं खुनाचाच मागतील. देऊ नका. खून म्हटलं की निम्मी मुलं पोलिस होतात आणि उरलेली रडण्याचा अभिनय करतात. गोष्टीतल्या लांडग्यावर वगैरे खटले छोट्यांसाठी ठीक आहेत, सातवीतल्या मुलांना ते बाळबोध वाटतं. त्यांच्या रोजच्या जगातलं काहीतरी हवं. माझा सगळ्यात टिकलेला खटला असा: विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी एक प्रतिकृती मोडलेली सापडते. शिपायाने आरोपी विद्यार्थ्याला सव्वापाचला खोलीतून बाहेर पडताना पाहिलं. मित्र म्हणतो, तो पाचलाच माझ्याबरोबर निघाला होता. बाहीला रंग आहे, पण त्या दिवशी चित्रकलेचा तास होता. गेल्या वर्षी याच स्पर्धेत तो हरला होता. किल्लीच्या नोंदवहीत एक सही वाचता येत नाही. आणि खिडकी उघडी होती की नाही, हे कुणालाच माहीत नाही.

दोन्ही बाजूंना दोन-दोन साक्षीदार, प्रत्येकाचा जबाब अर्ध्या पानाचा. प्रत्येक जबाबात त्याच्याच बाजूला अडचणीत आणणारी एक गोष्ट घाला. शिपायाचा चष्मा त्या दिवशी दुरुस्तीला होता, मित्राने घड्याळ पाहिलं नव्हतं, असं. आणि खिडकीसारखी एक जागा मुद्दाम कोरी सोडा. खटला तयार झाला की दहा जणांना वाचायला द्या. नऊ जणांचा निकाल एकच आला तर खटला फसला, पुन्हा लिहा. शिवाय आरोपीचं नाव वर्गाच्या हजेरीत नाही ना, ते तपासा. मी एकदा तपासलं नाही आणि एका बिचाऱ्याला महिनाभर सगळे 'आरोपी' म्हणून हाक मारत होते.

निकाल कुठल्या कसोटीवर द्यायचा, हेही आधी ठरवून सांगा. गुन्हा सिद्ध व्हायला रास्त शंकेला जागा राहता कामा नये. दिवाणी वादात कुणाचं पारडं जड एवढं पुरतं. मी एकाच खटल्याला दोन्ही कसोट्या लावायला सांगते. पुष्कळदा मुलं म्हणतात, भरपाई द्यावी असं वाटतं पण शिक्षा करता येणार नाही. असं म्हणणाऱ्या मुलांना मग वेगळं काही समजावत बसत नाही.

भूमिका वाटताना शिक्षक हटकून बडबड्या मुलाला वकील करतात. मी त्याला न्यायाधीश करते. तासभर गप्प बसून ऐकणं त्याच्या वाट्याला येतं. पीठ तिघांचं, दोन्ही बाजूंना तीन-तीन वकील, चार साक्षीदार, आरोपी, पुकारा करणारा, एक बेंच क्लार्क (कामकाजाची नोंद ठेवणारा, माझं जुनं काम), दोन वार्ताहर. उरलेल्या 12 जणांचे दोन गट करून त्यांनाही स्वतंत्र निकाल लिहायला सांगा, निव्वळ प्रेक्षक कुणी राहू नये. क्लार्कचं काम किरकोळ समजू नका (माझा पक्षपात क्षम्य असावा). एका वर्षी क्लार्क झालेल्या मुलाने निकालाच्या आधी हात वर करून सांगितलं, निशाणी 4 कुठल्याच साक्षीदाराला दाखवलेली नाही. तीन वकिलांचा अख्खा युक्तिवाद त्या निशाणीवर उभा होता.

मदतीला येणारे वकील मनापासून मदत करतात, हीच अडचण. मुलांचे प्रश्न ते स्वतः लिहून देतात. मग मुलं ते पाठ करतात, आणि साक्षीदाराने वेगळं उत्तर दिलं की गडबडतात. मी वकिलांना सांगते, पेन खिशात ठेवा. तुम्ही फक्त एवढंच विचारायचं, 'या साक्षीदाराकडून तुला नेमकं काय हवंय?' हरकती तीनच: सूचक प्रश्न, ऐकीव माहिती, विषयाला सोडून. चौथी शिकवलीत तर खटला हरकतींचाच होतो.

वेळ कागदावर मांडा. सुरुवातीचं निवेदन प्रत्येकी 3 मिनिटं. चार साक्षीदार, प्रत्येकी सरतपास 4 आणि उलटतपास 3. शेवटचा युक्तिवाद प्रत्येकी 4. विचारविनिमय 15, निकाल वाचन 5. हे 62 झाले. न्यायाधीशांशी गप्पा 20, इकडून तिकडे होण्यात 10. साधारण दीड तास. पुकारा करणाऱ्याच्या हातात घड्याळ द्या, मोठ्या माणसाच्या नको, कारण मोठी माणसं दया दाखवतात.

निकालात कारणं लिहिलीच पाहिजेत. 'आम्हाला वाटतं' चालणार नाही. कुठल्या साक्षीदारावर विश्वास ठेवला, कुणावर नाही, का. तिघांचं एकमत झालं नाही तर तिसऱ्याने भिन्नमत लिहायचं आणि तेही उभं राहून वाचायचं. मतं जुळवून घ्यायला लावू नका. मोठ्यांना एकमताची फार घाई असते.

न्यायाधीशांना विचारायचे प्रश्न चिठ्ठ्यांवर आदल्या दिवशी गोळा करा. चालू प्रकरणांबद्दलचे तेवढे काढा, बाकीचे अवघड वाटले तरी राहू द्या. दर वर्षी एक चिठ्ठी असतेच: 'तुमचा निकाल कधी चुकला का?' एका न्यायाधीशांनी यावर बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "चुकला असेल. म्हणून तर वर अपील आहे. तरी मला झोप लागली नाही असे दिवस आहेत." शाळेच्या बाई अवघडल्या होत्या, पण मुलं पंख्याकडे बघत नव्हती.

आयत्या वेळच्या भानगडी थोडक्यात. कंपासपेट्या शाळेतच ठेवा, दारावरच्या तपासणीत प्रत्येक कर्कटक बाहेर काढावं लागतं आणि 20 मिनिटं जातात. फोन बंद, फोटो नाहीत. आठवण हवीच तर बाहेर पायऱ्यांवर काढा. स्वच्छतागृह आधी जाऊन बघून या. कोर्टात बोलायचं तर उभं राहून, हे सांगा, पण घाबरवू नका.

दुसऱ्या दिवशी एक तासिका राखून ठेवा, ती सोडली तर निम्मं वाया. मी दोन खरी प्रकरणं देते आणि निकाल सांगत नाही. पहिलं केरळचं. 1985 साली तीन भावंडांना शाळेतून काढलं, कारण राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. दुसरं अमेरिकेतलं. स्वच्छतागृहात सिगारेट ओढल्याच्या संशयावरून 14 वर्षांच्या मुलीची पर्स शाळेतल्या अधिकाऱ्याने तपासली. वर्गाने आधी ठरवायचं, मग मी सांगते. केरळची भावंडं 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकली, तिन्ही मुलांना परत घ्यायचा आदेश झाला. अमेरिकेतली मुलगी 1985 मध्ये हरली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की झडतीबाबतचं घटनेचं बंधन शाळेलाही लागू आहे, पण शाळेला रास्त संशय पुरेसा आहे. दुसरा निकाल बहुतेक मुलांना पटत नाही. तेव्हा मी त्यांना शाळेच्या बाजूने युक्तिवाद लिहायला लावते.

उपयोग झाला का हे बघायला प्रश्नमंजूषा घेऊ नका. जायच्या आठवडाभर आधी आणि आल्यानंतर महिन्याने एकच प्रश्न द्या: 'वर्गात पैसे हरवले, सगळे एकाचं नाव घेतायत. तू काय करशील?' आधीच्या उत्तरांत 'बाईंना सांगेन' आणि 'दप्तर तपासू' असतं. नंतरच्या उत्तरांत 'त्याला विचारू' किती जणांनी लिहिलंय, ते मोजा. सगळे लिहीत नाहीत. एका वर्षी तर जेमतेम पाच जण होते. खटला तपासला, तर आरोपी इतका उघड गुन्हेगार लिहिला होता की त्याला विचारायची कुणाला गरजच पडली नव्हती.

मुलांनी लिहिलेल्या निकालाची एक प्रत, भिन्नमतासकट, न्यायाधीशांना पाठवा. दुसरी फाईलला लावा, सोबत अर्जाची नक्कल, वेळापत्रक आणि कुठल्या साक्षीदाराशी मुलं अडली त्याची टिपणं. पुढच्या वर्षी ती फाईल उघडताना खिडकीचं उत्तर कुणीतरी समासात लिहून ठेवलेलं दिसेल. ते खोडून मगच प्रती काढा.