बाळाच्या हृदयाला छिद्र: व्हीएसडीवर औषध कधी, छत्री कधी, ऑपरेशन कधी

टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर ‘व्हीएसडी’ लिहिलं असेल, तर हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: छिद्र किती मिलिमीटर, पडद्याच्या कोणत्या भागात आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतला दाब किती. छातीत ऐकू येणाऱ्या आवाजावरून घाबरू नका. लहान छिद्राचा आवाज बहुधा मोठाच असतो.

पडद्याच्या स्नायूच्या भागातली लहान छिद्रं बरेचदा पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप बुजतात. तिथे फक्त ठरल्या तारखेला इको. फुप्फुसाच्या झडपेखालचं छिद्र मात्र लहान असलं तरी महाधमनीची झडप त्यात ओढली जाऊन गळू लागू शकते, म्हणून त्याचं बहुधा ऑपरेशन करावं लागतं.

मोठ्या छिद्राचा त्रास साधारण 4 ते 8 आठवड्यांनी सुरू होतो. बाळ पिता पिता दमतं, कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही. बाळ शांत झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60, पुढे वर्षापर्यंत 50 किंवा जास्त भरले किंवा श्वास घेताना पोट उडत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

फ्युरोसेमाइड, एनालाप्रिल ही औषधं हृदयावरचा भार हलका करतात, छिद्र बुजवत नाहीत. डोस वजनावर ठरतो; चमच्याने नाही, सिरिंजने मोजा. जुलाब-उलट्या लागल्या तर पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना फोन करा. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं पाजा. अर्ध्या तासाहून जास्त ओढत राहिलं तर बाळाची ताकद पिण्यातच जाते. उरलेलं दूध काढून वाटी-चमच्याने द्या.

सगळ्यात मोठा धोका इथे आहे. काही महिन्यांनी दम कमी होतो, बाळ बाळसं धरतं आणि आईवडील तपासणी सोडतात. छिद्र लहान झालेलं असू शकतं, किंवा फुप्फुसाच्या वाहिन्या जाड होऊन दाब वाढलेला असू शकतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, फरक इकोतच कळतो. वाहिन्या कायमच्या कडक झाल्या की छिद्र बंद करता येत नाही. म्हणून मोठ्या छिद्राचं ऑपरेशन बहुधा सहा महिन्यांच्या आत उरकतात. ‘वजन वाढू दे, मग बघू’ हा सल्ला अशा बाळाला महागात पडतो.

ऑपरेशनमध्ये हार्ट-लंग मशीनवर (तेवढा वेळ हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या यंत्रावर) ठेवून छिद्रावर पॅच शिवतात. छत्री, म्हणजे छिद्र बंद करणारं डिव्हाइस, छाती न उघडता मांडीच्या नसेतून नेतात. त्यासाठी छिद्राची जागा योग्य आणि वजन साधारण 8 किलोच्या वर हवं. अनेक छिद्रं असलेल्या अगदी लहान बाळाला आधी फुप्फुसात जाणारं जास्तीचं रक्त कमी करायला फुप्फुसाच्या वाहिनीवर पट्टी बांधतात.

महाराष्ट्रात जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रातून (लहान मुलांच्या जन्मजात दोषांसाठीच्या सरकारी केंद्रातून) सुरुवात करा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना कॅशलेस आहे; रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेच्या मदतनिसाकडून) मंजुरी ऑपरेशनआधीच घ्या.

घरी आणल्यावर सहा आठवडे बगलेत धरून उचलू नका, एक हात डोक्या-मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली घाला. ताप आला, जखम ओली दिसली किंवा बाळ पुन्हा धापू लागलं, तर ऑपरेशन केलेल्या रुग्णालयालाच आधी कळवा.