फ्लशची टाकी रात्रभर गळते तेव्हा

बेळगावात राकसकोप धरणाचं पाणी नळाला रोज येत नाही. ते संपलं की बोअर. त्यात संडासाची टाकी गळू लागली की जीव तुटतो. आमच्या वडगावच्या घरात कमोडमध्ये सतत बारीक धार दिसायची. टाकीत जिलबीचा रंग टाकला, फ्लश न करता अर्धा तास थांबलो. कमोडमध्ये केशरी पाणी उतरलं. म्हणजे दोष टाकीच्या तळाचं भोक बंद करणाऱ्या रबरी वायसरचा.

टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी केली. मधला व्हॉल्व्ह थोडा फिरवला की निघतो. वायसरच्या कडेला बोअरचा पांढरा क्षार खरखरीत जमलेला. व्हिनेगरमध्ये भिजवून जुन्या ब्रशनं घासलं, पण रबरच कडक झालं होतं. जुनं वायसर खिशात घालून शहापुरातल्या दुकानात गेलो. नमुना नेल्याशिवाय माप जुळत नाही. दुकानदार म्हणाला, "अख्खा सेटच बदला की हो." कशाला? वायसरवर काम भागलं.

फ्लोट, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता भाग, जरा खाली आणला: पाणी ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडाखाली इंचभर थांबायला हवं. क्षारासाठी टाकीत ॲसिड ओतू नका, आतले भाग खराब होतात. आणि ब्लीचिंगबरोबर तर कधीच नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो.