सापडलेलं पान हरवण्याआधी जपून ठेवा

पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत किती क्युसेक पाणी सोडलं, हा आकडा वेबसाइटवर येतो आणि नवा आकडा आला की पुसला जातो. अशा पानांचा नुसता बुकमार्क ठेवून काही उपयोग नाही. पानाची प्रत हवी.

वेब डॉट आर्काइव्ह डॉट ऑर्ग उघडा. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था 1996 पासून वेबपानं साठवतेय. ‘सेव्ह पेज नाऊ’च्या चौकटीत पूर्ण पत्ता चिकटवा, बटण दाबा, थांबा. मिळालेल्या नव्या पत्त्यात 14 आकडे असतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं, सेकंद. ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. पुण्याच्या वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. तिथे 25 तारखेचे 20:00 दिसत असतील, तर इथे 26 तारखेचे पहाटेचे दीड वाजलेले असतात. तारीख चुकते ती नेमकी इथेच.

प्रत लगेच उघडून तपासा, हे टाळू नका. लॉगिनमागची पानं साठत नाहीत, आणि हलते नकाशे बरेचदा कोरे येतात. त्यांचा स्क्रीनशॉट घ्या. पीडीएफचा पत्ता वेगळा साठवा.

जुन्या मराठी साइटची प्रत अगम्य रोमन अक्षरांत दिसली, तर ती बिघडलेली नसते. युनिकोड ही आजची सामायिक अक्षरपद्धत रुळण्याआधीचा तो फॉन्ट तुमच्याकडे नसतो, एवढंच. मजकूर कॉपी करून त्याच फॉन्टच्या परिवर्तकातून (युनिकोडमध्ये बदलणाऱ्या साधनातून) काढा. फॉन्टचं नाव पानाच्या सोर्समध्ये, म्हणजे पानामागच्या कोडमध्ये सापडतं.

साइटवरून उतरवलेली सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) एक्सेलमध्ये थेट उघडली की मराठी नावांचा चिवडा होतो. ‘डेटा’ टॅबमधून आयात करा आणि यूटीएफ-8 ही युनिकोडची अक्षरपद्धत निवडा.