फॉर्मच्या टेस्ट उगीच फेल होतात? या चुका टाळा

हाताने भरला तर फॉर्म बिनतक्रार जातो, सेलेनियमची (ब्राउझर आपोआप चालवणारं साधन) टेस्ट मात्र लाल. अशा वेळी आधी लोकेटर, म्हणजे टेस्टला रकाना कुठे आहे ते सांगणारा पत्ता, तपासा.

एक्सपाथ म्हणजे पानावरच्या एलिमेंटपर्यंतचा मार्ग. ब्राउझरमधून उचललेला 'फुल एक्सपाथ' सगळ्यात महागात पडतो. तो मुळापासून घरं मोजत जातो: तिसरा डिव, त्यातला दुसरा, त्यातला इनपुट. इंदूरच्या एखाद्या शाळेने प्रवेश फॉर्ममध्ये मधेच समग्र आयडीची (मध्य प्रदेशातल्या रहिवाशांचा सरकारी क्रमांक) ओळ घातली, की त्या नऊ आकडी रकान्यात मोबाईल नंबर जाऊन बसतो. त्यापेक्षा रकान्याचा एचटीएमएलमधला आयडी किंवा नेम धरा. नसेल तर डेव्हलपरकडून टेस्टसाठी वेगळं अॅट्रिब्यूट मागून घ्या. 'इनपुट-4837' छापाचा आयडी फ्रेमवर्कने आपोआप दिलेला असतो, त्याच्यावर विसंबू नका.

लेबलच्या मजकुरावरून रकाना शोधणं चांगलंच, पण इथले फॉर्म हिंदीत आणि लिहिणाऱ्याची बोटं मराठी. 'पढ़ाई'च्या जागी सवयीने 'पढाई' टाइप होतं, जिल्ह्याच्या यादीत 'इंदौर' असताना टेस्ट 'इंदूर' शोधते. नुक्ता (अक्षराखालचा टिंब) दिला तरी सुटका नाही: ढ़ युनिकोडमध्ये एकसंध अक्षर म्हणूनही असतो आणि ढ अधिक नुक्ता असाही. डोळ्यांना दोन्ही सारखे, एक्सपाथला वेगळे. म्हणून लेबलं वाचून घ्या, दोन्ही बाजू एनएफसीमध्ये (युनिकोडच्या एकाच ठरावीक रूपात) आणा आणि तुलना कोडमध्ये करा. मग लेबलच्या 'फॉर'मधल्या आयडीवरून रकाना गाठा. ड्रॉपडाउनमध्ये मजकुराऐवजी व्हॅल्यूने निवडलं की ही कटकटच मिटते.

//इनपुट[2] म्हणजे पानावरचा दुसरा इनपुट नव्हे. आपल्या पालकाखालचा दुसरा. प्रत्येक रकाना स्वतंत्र डिवमध्ये असेल तर हाती काहीच लागत नाही. पानावरचा दुसरा हवा तर (//इनपुट)[2]. सापडलेल्या एलिमेंटच्या आत शोधताना एक्सपाथच्या सुरुवातीचा टिंब (.) विसरलात, तर शोध पुन्हा पूर्ण पानावर जातो.

भरलेला मजकूर तपासताना एक्सपाथमध्ये @व्हॅल्यू वापरू नका. तिथे एचटीएमएलमधली मूळ किंमत असते, टाइप केलेली नव्हे. टाइप केलेली किंमत एलिमेंटच्या प्रॉपर्टीतून वाचा.

राज्य निवडल्यावर जिल्ह्यांची यादी उशिरा येते. तिथे पाच सेकंदांची झोप घालण्यापेक्षा हवा तो पर्याय येईपर्यंत थांबणारा एक्स्प्लिसिट वेट लावा. त्यात इम्प्लिसिट वेट (प्रत्येक शोधाला सरसकट लागू होणारी थांबण्याची मुदत) मिसळू नका: 10 आणि 15 सेकंद एकत्र दिले तर टाइमआउट 20 सेकंदांनीही होऊ शकतो. यादी नव्याने रंगली की जुना एलिमेंट 'स्टेल', म्हणजे शिळा, होतो. तो पुन्हा शोधावाच लागतो.