कंपनी विकली जातेय? आधी रुजू तारीख सांभाळा

परवा बाणेरला ऑफिसखालच्या टपरीवर टीममधला एक मुलगा घाबरून विचारत होता, "मॅडम, रेझ्युमे काढू का?" कंपनी एका मोठ्या टेक कंपनीने घेतल्याचा मेल सकाळीच आला होता. मी म्हटलं, रेझ्युमे राहू दे, तुझं अपॉइंटमेंट लेटर कुठे आहे ते सांग. त्याला आठवेना.

इंटिग्रेशनच्या, म्हणजे वेगवेगळी सॉफ्टवेअर एकमेकांना जोडण्याच्या, कामात मला एकोणीस वर्षं झाली. आमच्याकडे मालक बदलतच राहतात. वेबमेथड्स हे आमच्या कामातलं प्रॉडक्ट २००७ मध्ये सॉफ्टवेअर एजी या जर्मन कंपनीने घेतलं. पुढे तेच, स्ट्रीमसेट्स या त्यांच्याच दुसऱ्या प्रॉडक्टसकट, आयबीएमने २१३ कोटी युरोंना घ्यायचं ठरवलं. घोषणा डिसेंबर २०२३ मध्ये झाली, व्यवहार पुरा झाला १ जुलै २०२४ला. असे मधले महिने हाताशी असतात आणि तेव्हा काहीच बदलत नाही. तीच सकाळची स्टँडअप मीटिंग, तीच हिंजवडीची कोंडी. म्हणून लोक निवांत राहतात. कागद गोळा करायचे ते याच दिवसांत, कारण जुन्या एचआरचं पोर्टल एकदा बंद झालं की कुणाला विचारणार?

अपॉइंटमेंट लेटर, पगारवाढीची पत्रं, सॅलरी स्लिपा, फॉर्म १६, शिल्लक रजेचा आकडा, ईसॉप (कंपनीने देऊ केलेले शेअर) असतील तर त्यांचा करार. सगळं उतरवून घ्या. अप्पा बळवंत चौकातून एक पुठ्ठ्याची फाईल आणून छापील प्रतीही ठेवा. कोड आणि ग्राहकांची कागदपत्रं मात्र तुमची नाहीत, त्यांना हात लावू नका.

मग एचआरला लेखी विचारा: शेअर विकले जातायत की फक्त धंदा? शेअर विकले तर तुमची कंपनी कागदावर तीच राहते. धंदा विकला तर तुम्हाला नव्या कंपनीचं पत्र येतं, आणि खरी काळजी तिथे घ्यायची.

माझी पहिली कंपनी विकली गेली तेव्हा मला राजीनामा द्यायला लावून नवं पत्र दिलं. पगार वाढला होता, आनंदात सही केली. रुजू तारीख नवी पडली होती. चार वर्षांची नोकरी ग्रॅच्युइटीच्या हिशेबातून गेली, आणि पुढे तीन वर्षांनी मी सोडलं तेव्हा पाच वर्षं भरली नाहीत म्हणून हातात शून्य. मूळ पगार ६०,००० धरला, तर ग्रॅच्युइटीच्या १५ भागिले २६ या सूत्राने (महिन्याचे २६ दिवस धरून १५ दिवसांचा पगार) वर्षाला ३४,६१५ रुपये होतात. सात वर्षांचे जवळजवळ २ लाख ४२ हजार. म्हणून पत्रात "आधीची सेवा सलग धरली जाईल" हे वाक्य आणि मूळ रुजू तारीख, दोन्ही शोधा. नसेल तर सही थांबवा आणि मेलवर मागा. पोरांनो, यात संकोच करू नका.

पीएफचा यूएएन (खाते क्रमांक) तोच राहतो, पण सर्व्हिस हिस्टरीत जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली आहे का ते बघा. ती भरायची राहिली की पैसे ट्रान्सफर होताना अडकतात. आधीच्या पगाराचा तपशील नव्या पेरोलला द्या, नाहीतर मार्चनंतर कर अंगावर येतो.

कामाचं एवढंच, की घेणाऱ्याकडे बहुधा तसलंच प्रॉडक्ट आधीपासून असतं. आयबीएमकडे वेबमेथड्ससारखंच अ‍ॅप कनेक्ट होतंच. दोन्हींची माहिती असलेला माणूस टीमला लागतो, तेव्हा घेणाऱ्याच्या प्रॉडक्टचं ट्रायल व्हर्जन याच महिन्यात उघडा. त्या मुलाने मात्र रविवारी आधी माळा उपसला. लेटर सापडलं, आईच्या साडीच्या बॉक्समध्ये.