वर्ष-दीड वर्षाची जुनी गाडी घेताना: टोकन देण्याआधी काय काय तपासावं

दहा वर्षांची गाडी घेताना माणूस सावध असतो. वाकून खाली बघतो, सायलेन्सरचा धूर बघतो, ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो. पण चौदा महिन्यांची, साडेनऊ हजार किलोमीटर चाललेली, सीटवरचं प्लास्टिकही न निघालेली गाडी समोर आली की तोच माणूस नुसती चकाकी बघून टोकन देऊन मोकळा होतो. ‘नवीच तर आहे, हिला काय धाड भरलीय?’

इंजिनाला बहुतेक वेळा खरंच काही झालेलं नसतं. एवढ्या वयात ते झिजत नाही. म्हणून जुन्या गाडीच्या नेहमीच्या तपासण्या इथे अपुऱ्या पडतात. गाडीचा भाव सगळ्यात जास्त पडतो तो पहिल्या वर्षात. मग एवढा तोटा सोसून मालक ती विकायला का काढतोय? कारणं सरळ असू शकतात: परदेशातली नोकरी, घरात वाढलेली माणसं, वडिलांसाठी घेतलेली पण त्यांना न झेपलेली गाडी. ती वाकडीही असू शकतात: अपघात, पुराचं पाणी, थकलेले हप्ते, वर्कशॉपच्या न संपणाऱ्या वाऱ्या. विकणारा तुम्हाला एक गोष्ट सांगेल. ती कागदांशी आणि पत्र्याशी जुळते का, एवढंच बघायचं आहे.

पायरी 1: आधी आजच्या नव्या गाडीचा भाव काढा

मालकाने गाडी कितीला घेतली होती, हा हिशोब त्याचा. तुम्ही आज शोरूममध्ये त्याच मॉडेलचा ऑन-रोड भाव विचारा. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. छोटी म्हणजे चार मीटरच्या आतली आणि पेट्रोलला 1200, डिझेलला 1500 सीसीपर्यंतची. त्याआधी घेतलेल्या गाडीचा मालक अजून जुन्या, चढ्या किमतीतूनच वजाबाकी करत असतो. तुम्ही ती आजच्या किमतीतून करा.

घसाऱ्याचा अंदाज हवा असेल तर विमा कंपन्यांचं कोष्टक बघा. विम्यासाठी गाडीची किंमत धरताना सहा महिने ते एक वर्ष वयाला 15 टक्के, एक ते दोन वर्षांना 20 टक्के वजा करतात, तेही शोरूम किमतीतून. रस्ता कर आणि नोंदणीचा खर्च त्यात येत नाही. बाजारभाव याच्या वर-खाली होतो, मागणी असलेल्या मॉडेलचा तर बराच वर. पण नव्या गाडीत आणि हिच्यात लाखभराचाही फरक पडत नसेल, तर मी तरी सरळ नवी घेईन. दुसऱ्या बाजूने, भाव संशय यावा इतका खाली असेल तर घासाघीस सोडा आणि कारण शोधा. ‘मी लष्करात आहे, बदली झालीय, आधी थोडे पैसे पाठवा, गाडी घरपोच येईल’ ही ऑनलाइन फसवणुकीची जुनी कहाणी आहे. न बघितलेल्या गाडीला एक रुपयाही द्यायचा नाही.

पायरी 2: जायच्या आधी नंबर मागा

नंबर द्यायला कां-कूं करणाऱ्याकडे पेट्रोल जाळत जाऊ नका. सरकारी एमपरिवहन ॲपवर किंवा वाहन पोर्टलवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, कर्जाचा बोजा, विमा आणि पीयूसीची मुदत दिसते. विकणारा ‘फर्स्ट ओनर’ म्हणतोय आणि तिथे दोन आकडा आहे, तर मधल्या माणसाने ती इतक्या लवकर का काढली हा नवा प्रश्न उभा राहतो. नोंदणी जानेवारीची असेल तर बनावटीचा, म्हणजे गाडी कारखान्यात बनल्याचा महिनाही बघा. डिसेंबरमधली किंवा त्याच्याही आधीची गाडी असू शकते आणि पुढे तुम्ही विकाल तेव्हा गिऱ्हाईक बनावटीचं वर्षच विचारेल.

दंडाची थकबाकी महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर कळते. तिथे रक्कम दिसतेच, शिवाय गाडी कुठे फिरत होती हेही उमगतं. ‘घर ते ऑफिस’ फिरलेल्या गाडीचे दंड तीन जिल्ह्यांतल्या महामार्गांवरचे असतील तर विचारायला हवं. चोरीच्या गाड्यांची चौकशी करायलाही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ‘वाहन समन्वय’ ही ऑनलाइन सोय आहे.

पासिंग, म्हणजे नोंदणी, कुठल्या राज्यातलं आहे तेही बघा. परराज्यातली गाडी स्वस्त दिसते त्याचं एक कारण कर. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीचा एकरकमी कर 11 टक्क्यांपासून सुरू होतो. बाहेरची गाडी इथे बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर मूळ आरटीओची एनओसी म्हणजे ना-हरकत (फॉर्म 28) आणायची, नवा नंबर घ्यायचा आणि इथला कर भरायचा. मूळ राज्यातला परतावा मिळवायची धावपळ वेगळीच. सिंधुदुर्गात जीए म्हणजे गोवा पासिंगची गाडी दारात आली की हा हिशोब आधी मांडा. गोव्यातल्या गाडीबाबत आणखी एक विचारा: ती पर्यटकांना भाड्याने दिली जात होती का? काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायची भाड्याची गाडी. नंतर ती खासगी करून घेता येते. अशा गाडीचं एक वर्ष आपल्या चार वर्षांएवढं असतं.

पायरी 3: विम्याची पॉलिसी ओळ न् ओळ वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते.

गाडी वर्षाहून जुनी असेल तर तिची दुसरी पॉलिसी निघालेली असणार. त्यात ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची हप्त्यातली सूट, किती आहे ते बघा. पहिल्या वर्षी क्लेम नसेल तर 20 टक्के असतो. तिथे शून्य असेल तर बहुधा क्लेम घेतलाय किंवा विमा संपून नव्वद दिवसांहून जास्त काळ गाडी विम्याविनाच होती. दोन्ही गोष्टी विचारण्यासारख्या. मालकाला विमा कंपनीकडून क्लेमची माहिती मेलवर मागवायला सांगा. काही लपवायचं नसेल तर तो कंटाळेल, पण मागवेल. खिशातून पैसे भरून केलेली दुरुस्ती मात्र इथे दिसत नाही. तिच्यासाठी पाचवी पायरी आहे.

क्लेम झाला म्हणजे गाडी वाईट असं नाही. मागचा बंपर बदलला असेल तर बिल बघा आणि पुढे चला. भीती ‘टोटल लॉस’ची. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते. लिलावात निघालेली अशी गाडी पडत्या भावात घेऊन, ठाकठीक करून पुन्हा विकणारेही असतात.

दुसरा सापळा तारखेचा. सप्टेंबर 2018 पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, एकदम घ्यावा लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र बहुतेकांचा एकाच वर्षाचा असतो. त्यामुळे ‘विमा अजून दोन वर्षं आहे’ हे वाक्य खरं असूनही गाडीला ओरखडा आला तर छदामही मिळणार नाही, असं होऊ शकतं. दोन्ही तारखा वेगवेगळ्या बघा.

पायरी 4: सर्व्हिसचा इतिहास थेट वर्कशॉपमधून

डिजिटल मीटर मागे करता येत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लॅपटॉप लावून ते काम होतं. त्याला उत्तर म्हणजे कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमधली नोंद. मालकाला सोबत घेऊन चासी नंबरावरून इतिहास काढायला सांगा. प्रत्येक वेळचं मीटर, काय बदललं आणि कोणती तक्रार होती, ते त्यात असतं. एकच तक्रार चार वेळा दिसली, समजा गिअर अडकतो किंवा स्क्रीन बंद पडते, तर मालक का विकतोय ते कळलंच. कंपनीने त्या मॉडेलमध्ये दोष सापडून गाड्या परत बोलावल्या असतील तर हिचं काम झालंय का, हेही तिथेच विचारा.

वॉरंटी गाडी पहिल्यांदा विकली गेली त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. शोरूमची डेमो गाडी घेत असाल तर हे विशेष लक्षात ठेवा. वाढीव वॉरंटी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर त्याची आरसीवर म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर नोंद हवी आणि वॉरंटीबद्दल कंपनीचं म्हणणं आधी विचारून घ्यावं.

पायरी 5: गाडी दिवसा, मालकाच्या घरी आणि थंड असताना बघा

‘मी हायवेवरच्या हॉटेलपाशी गाडी घेऊन येतो’ याला नकार द्या. पावसात किंवा संध्याकाळीही नको, ओल्या पत्र्यावर रंगातला फरक दिसत नाही.

सुरुवात टायरपासून. कडेला चार आकडे असतात: 2424 म्हणजे 2024 सालातला 24 वा आठवडा. साडेनऊ हजार चाललेल्या गाडीचे टायर मूळचेच, एकाच कंपनीचे आणि गाडीच्या बनावटीच्या थोडेसे आधीचे असायला हवेत. चारही कोरे करकरीत असतील तर बहुधा मीटर खोटं बोलतंय. काचांच्या कोपऱ्यातला शिक्काही बघा. सगळ्या काचा एका कंपनीच्या आणि एक निराळी असेल, तर ती कधी आणि का फुटली?

बॉनेट उघडा. बिजागरीचे आणि फेंडरचे बोल्ट कारखान्यात रंगासकट येतात. पाना लागला की कडेचा रंग उडतो. बॉनेट, दारं, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या हव्यात. दाराचं रबर थोडं ओढून आतला पत्रा बघा. कारखान्यातल्या वेल्डिंगचे ठिपके गोल आणि सारख्या अंतरावर असतात, गॅरेजमधले ओबडधोबड. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळालं तर उत्तम. मूळ रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन भरतो, खाली पुट्टी असली की आकडा कित्येक पटींनी चढतो. बंपर रंगवलाय म्हणून दचकू नका, पुण्या-मुंबईत बंपर वर्षभर शाबूत राहिला तरच नवल. छताला तोलणारे खांब, चासीचे पुढचे दांडे आणि रेडिएटरची चौकट यांना हात लागलेला असेल तर मात्र चहा पिऊन परत या.

किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर उघडलेल्या एअरबॅगच्या जागी काही नसेल आणि दिवाच काढून टाकला असेल.

आता पाणी. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगली, जुलै 2021 मध्ये चिपळूण-महाड, डिसेंबर 2023 मध्ये चेन्नई. पाणी ओसरलं की गाड्या गाव बदलतात. आतून धुऊन, सुकवून, सुगंध मारून पार लांबच्या शहरात विकायला येतात. वायरींच्या जोडांत शिरलेलं पाणी लगेच त्रास देत नाही, सहा महिन्यांनी गंज धरला की एकेक गोष्ट बंद पडू लागते. मामेभावासोबत अशीच एक गाडी बघायला गेलो होतो. आत मोगऱ्याचा घमघमाट. सहज ड्रायव्हरचा पट्टा शेवटपर्यंत ओढला, तर आतल्या वीतभर भागावर चहाच्या रंगाची रेघ. मालक म्हणाले, ‘पोराने चॉकलेट सांडलं असेल.’ चॉकलेट चारही पट्ट्यांच्या रिळात शिरून एकाच उंचीवर चिकटतं, हे आम्हाला नवीन होतं. तेव्हापासून पट्टे ओढल्याशिवाय मी गाडीत बसत नाही. सीटखालच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ, फ्यूजच्या डब्यातली माती आणि हेडलाइटच्या आतलं धुकं हेही बघा.

पायरी 6: चालवा, आणि रेडिओ बंद ठेवा

निदान अर्धा तास, ट्रॅफिकमध्येही आणि मोकळ्या रस्त्यावरही. सरळ रस्त्यावर स्टीअरिंग सैल धरलं तर गाडी एका बाजूला ओढते का? स्पीडब्रेकरवर खालून आवाज? ब्रेक दाबताना थरथर? नव्या गाडीत यातलं काहीही ‘चालायचंच’ म्हणण्यासारखं नाही. मग दोन-तीन हजार रुपये मोजून त्रयस्थ मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवा. मालक नको म्हणाला, तर व्यवहारही नको.

पायरी 7: पैसे आणि सह्या

गाडी नवी म्हणजे कर्ज बहुधा चालू. ‘तुम्ही पैसे द्या, मी कर्ज फेडून बँकेची एनओसी आणून देतो’ हे मान्य करू नका. बँकेचं पूर्ण फेडीचं पत्र मागा, तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरा आणि उरलेली मालकाला द्या. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 (कर्ज फिटल्याची नोंद करायचा अर्ज) आल्याशिवाय बोजा उतरत नाही. मालक आणि विकणारा एकच आहे ना, हे आरसी आणि आधार समोर ठेवून बघा. डीलरकडून घेत असाल तर 1 एप्रिल 2023 पासून अशा डीलरला आरटीओकडे अधिकृत नोंद करावी लागते, ते प्रमाणपत्र मागा. जुन्या गाडीवर डीलरला 18 टक्के जीएसटी लागतो तो त्याच्या नफ्यावर. पूर्ण किमतीवर तो तुमच्याकडून मागत असेल तर हसून उठा.

फॉर्म 29 आणि 30 (मालकी बदलाचे अर्ज) यांवर कोऱ्या सह्या करायच्या नाहीत, घ्यायच्याही नाहीत. ताबा देताना तारखेबरोबर वेळही लिहिलेली पावती दोघांनी सही करून ठेवावी. सकाळी अकराला झालेला अपघात तुमचा की त्यांचा, ते त्या वेळेवरून ठरतं.

पायरी 8: गाडी दारात आल्यावर

राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा कंपनीला 14 दिवसांत कळवून पॉलिसी नावावर करा, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. जुन्या मालकाचा बोनस त्याच्याबरोबर जातो, त्यामुळे फरकाचे थोडे पैसे भरावे लागतात. फास्टॅग त्यांना बंद करू द्या, आपला नवा घ्या. दुसरी किल्ली मागा. आणि गाडी मोबाइल ॲपला जोडलेली असेल तर त्यांच्या फोनवरून ती काढून टाकायला लावा. नाहीतर तुम्ही रविवारी कुठल्या मिसळीच्या दुकानासमोर उभे होतात, हे जुन्या मालकाला घरबसल्या कळत राहील.

एजंट ‘होतंय साहेब’ म्हणत राहील. वाहन पोर्टलवर अर्जाची स्थिती तुम्ही स्वतः बघा, आठवड्यातून एकदा, मालक क्रमांक बदलेपर्यंत.