हेडलाइटचा उजेड वाढवायचाय? बल्बला हात सगळ्यात शेवटी लावा

रात्री कशेडी किंवा आंबा घाट उतरताना पुढचं वळण नीट दिसेना, की माणूस थेट अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जातो आणि पांढराशुभ्र एलईडी बसवून येतो. खरं तर जुन्या गाडीत बल्ब बहुधा ठीकच असतो. त्याचा उजेड धुरकट काचेत, दमलेल्या वायरिंगमध्ये आणि हललेल्या फोकसमध्ये वाया जातो. म्हणून आधी तिथे लक्ष द्या. ही कृती एच4 हॅलोजनच्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे अप्पर आणि डिपर एकाच बल्बात असलेल्या.

सुरुवात काचेपासून. ही काच म्हणजे पॉलिकार्बोनेट प्लास्टिक. त्यावरचा संरक्षक थर उन्हाने गेला की ती पिवळी पडते. टूथपेस्टने घासायचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. चकाकी येते, टिकत नाही. दिवा धुऊन घ्या, भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावा आणि पाण्याचा पॉलिश पेपर 800, मग 1500, शेवटी 2000 नंबर असा ओला ठेवून फिरवा. सुरुवातीला पिवळसर पाणी निघतं. ते दुधासारखं पांढरं दिसू लागलं की जुना थर निघाला असं समजा. काच या वेळी आधीपेक्षाही धुरकट दिसेल, घाबरू नका. रबिंग कंपाउंड लावल्यावर ती स्वच्छ होते. त्यावर यूव्ही क्लिअर कोट मारायलाच हवा. तो टाळलात तर काही महिन्यांत पुन्हा पिवळेपणा येणार. आतला रिफ्लेक्टरच (उजेड पुढे फेकणारा चकचकीत भाग) काळवंडला असेल तर ही मेहनत फुकट, अख्खा दिवा बदला.

आता व्होल्टेज. इंजिन चालू, डिपर लावलेला, अशा वेळी मल्टीमीटरने आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या जोडणीवर मागच्या बाजूने (बल्ब जोडलेलाच ठेवून) व्होल्टेज मोजा. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर व्होल्टेज वाटेत गळतंय. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घसरतो: व्होल्टेज 10 टक्के कमी पडलं तर उजेड जवळपास 30 टक्के उतरतो. दोन्ही दिव्यांचे मिळून साधारण 9 अँपिअर अनेक जुन्या गाड्यांत स्टिअरिंगजवळच्या बारीक स्विचमधून जातात. यावर रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) असलेलं तयार एच4 वायरिंग मिळतं. ते बॅटरीवरून थेट करंट घेतं आणि जुना प्लग फक्त रिलेला इशारा देतो, त्यामुळे मूळ वायर कापावी लागत नाही. बॅटरीजवळ फ्यूज आहे ना, एवढं बघून घ्या. आधी अर्थिंगचे गंजलेले बोल्टही घासा. कधी कधी तेवढ्यानेच काम होतं.

बल्ब घ्यायचाच असेल तर 60/55 वॉटचाच, चांगल्या कंपनीचा आणि जोडीने. 'जास्त उजेडाचे' म्हणून मिळणारे बल्बही याच वॉटचे असतात. उजेड वाढतो, पण आयुष्य घटतं. 100/90 वॉटचा मोह टाळा, त्याने होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टर भाजतो. बसवताना काचेला बोट लावू नका. लागलंच तर स्पिरिटने पुसा, नाहीतर तेलकट डागाच्या जागी काच तापून बल्ब लवकर जातो.

एलईडीचं काय? एच4 मध्ये डिपरच्या तारेखाली (बल्बातल्या फिलामेंटखाली) छोटी धातूची वाटी असते. खाली जाणारा उजेड रिफ्लेक्टरवर आपटून वर उडाला असता, तो ती अडवते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांवर तिरीप जात नाही. रिफ्लेक्टर त्या तारेच्या नेमक्या जागेनुसार घडवलेला असतो. बाजारातले बहुतेक एलईडी ही जागा नीट साधत नाहीत. भिंतीवर झगझगाट दिसतो, रस्त्यावर उजेड विखुरतो आणि समोरचा शिव्या घालतो. शिवाय मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 गाडीत मनाजोगते बदल करू देत नाही.

शेवटी फोकस. बल्ब न बदलताही हा तपासा. टायरमध्ये हवा बरोबर, चालकाच्या सीटवर माणूस, डॅशबोर्डवरचा लेव्हलिंगचा (उजेड वर-खाली करणारा) स्विच असल्यास 0 वर. सपाट जागी गाडी भिंतीपासून 10 मीटरवर सरळ उभी करा. जमिनीपासून बल्बच्या मध्याची उंची मोजा, भिंतीवर त्या उंचीला टेप लावा आणि दुसरी पट्टी तिच्या 10 सेंटिमीटर खाली. डिपर लावल्यावर उजेडाची वरची कड खालच्या पट्टीवर यायला हवी. डावीकडे ती थोडी वर चढते, ते बरोबरच आहे, कारण आपण डावीकडून चालवतो. एका वेळी एकच दिवा बघा, दुसरा पुठ्ठ्याने झाका. दिव्यामागच्या स्क्रूने वर-खाली होतं. मागे माणसं आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा लेव्हलिंगचा स्विच 2 किंवा 3 वर न्या. एवढं करूनही डिपरवर असताना समोरचे अप्पर मारून खुणावत असतील, तर कड अजून थोडी खाली घ्या.